व्यापाराचे सरकारी आकडे जुळत नसतील तर फरक कसा शोधावा

एका देशाने दुसऱ्या देशाला वर्षभरात किती माल पाठवला, हा प्रश्न वरवर सरळ वाटतो. पण निर्यातदार देशाच्या सांख्यिकी खात्याचा आकडा, आयातदार देशाचा आकडा, संयुक्त राष्ट्रांच्या 'कॉमट्रेड' या व्यापार-आकडेवारीच्या संग्रहातला आकडा आणि मध्यवर्ती बँकेच्या व्यवहारतोलातला (परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याच्या हिशेबातला) आकडा शेजारी शेजारी मांडले, तर चार वेगळी उत्तरे मिळतात. बहुतेक वेळा यात कोणीच चुकलेले नसते. कोणी सीमा ओलांडणारा माल मोजलेला असतो, कोणी मालकीचा बदल. कोणी बंदरावरची किंमत धरलेली असते, कोणी त्यात नूर (मालवाहतुकीचे भाडे) आणि विमा मिळवलेला असतो. म्हणून 'खरा आकडा कोणता' इथून सुरुवात करू नका. दोन आकड्यांमधला फरक कारणवार फोडा आणि सगळी कारणे काढून जे उरेल तेवढ्याबद्दलच शंका घ्या. फोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधीच्या पायरीत राहून गेलेला फरक पुढच्या पायरीत भलत्याच कारणाच्या खात्यावर जमा होतो.

आकडा उतरवण्याआधी त्याची नोंद

तक्त्यात आकडा भरण्यापूर्वी त्याच्याशेजारी या गोष्टी लिहून ठेवा: आयात की निर्यात, पुनर्निर्यात (बाहेरून आलेला माल पुन्हा बाहेर पाठवणे) धरली आहे का, सर्वसाधारण पद्धत की विशेष पद्धत, मूल्य एफओबी की सीआयएफ, भागीदार देश कोणत्या कसोटीवर ठरवला, मालाच्या प्रकारांना कोड देणाऱ्या एचएस वर्गीकरणाची कोणती आवृत्ती, कॅलेंडर वर्ष की आर्थिक वर्ष, मूळ चलन आणि विनिमय दर, आणि आकडा उतरवल्याची तारीख. यांतले अनोळखी शब्द पुढच्या पायऱ्यांत उलगडतील. हे कंटाळवाणे काम आहे, पण निम्मी कोडी इथेच सुटतात. एप्रिल ते मार्च या वर्षाचा आकडा जानेवारी ते डिसेंबरच्या आकड्याशेजारी ठेवून लिहिलेली विश्लेषणे वारंवार दिसतात. तिथे पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नसतो. मासिक आकडे घेऊन दोन्ही बाजू एकाच बारा महिन्यांवर आणणे, ही पहिली दुरुस्ती.

ही माहिती प्रत्येक देशाच्या पद्धतीविषयक टिपणात असते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१० मध्ये मान्य केलेल्या मालव्यापार सांख्यिकीच्या शिफारशी, म्हणजे आयएमटीएस २०१०, हा सगळ्यांचा पाया आहे. पण त्या शिफारशीच आहेत. प्रत्येक देश त्या आपल्या सोयीने आणि आपल्या कायद्याने पाळतो.

पहिली पायरी: किंमत कुठे मोजली

निर्यात साधारणपणे एफओबी मूल्याने नोंदली जाते, म्हणजे निर्यातदार देशाच्या सीमेवर माल जहाजात चढेपर्यंतची किंमत. आयात बहुतेक देश सीआयएफ मूल्याने नोंदतात, म्हणजे त्यात आयातदार देशाच्या सीमेपर्यंतचा नूर आणि विमा मिळवलेला असतो. त्यामुळे काहीही गडबड नसताना आयातीचा आकडा निर्यातीपेक्षा मोठा येणे हेच अपेक्षित आहे. साऱ्या जगाची आयात आणि साऱ्या जगाची निर्यात सारखी न येण्याचे एक मोठे कारण हेच.

दोन अपवाद नीट लक्षात ठेवा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आयातही एफओबीसारख्या मूल्याने नोंदतात. अमेरिकेचे मासिक जाहीर होणारे आयातीचे आकडे 'कस्टम्स मूल्या'वर असतात, त्यात आंतरराष्ट्रीय नूर आणि विमा नसतो. मात्र कॉमट्रेडमध्ये अमेरिकेची आयात सीआयएफ मूल्याने येते. म्हणजे एकाच देशाची, एकाच वर्षाची, एकाच मालाची आयात दोन सरकारी ठिकाणी दोन आकड्यांत दिसते आणि दोन्ही अचूक असतात. शिवाय अमेरिकेची निर्यात एफएएस मूल्याने, म्हणजे माल जहाजाच्या कडेला आणण्यापर्यंतच्या किमतीने नोंदली जाते. चढवण्याचा खर्च त्यात नसतो.

सीआयएफवरून एफओबीवर येण्यासाठी आयातीचा आकडा १.०६ ने भागणे ही ढोबळ रीत आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आपल्या देशनिहाय व्यापाराच्या आकडेवारीत पूर्वी १० टक्के धरत असे, नंतर ते प्रमाण ६ टक्क्यांवर आणले. पण हे सरासरी प्रमाण आहे. सिमेंट, खनिज, दगड अशा जड आणि स्वस्त मालात नूर किमतीच्या मोठ्या हिश्श्याइतका असू शकतो; विमानाने जाणाऱ्या चिप किंवा औषधांत तो नगण्य असतो. सलग सीमा असलेल्या दोन देशांतही तो कमी. म्हणून एकूण व्यापारासाठी ६ टक्के चालतील, पण एका एचएस कोडसाठी चालणार नाहीत. आयातदार देश सीआयएफ आणि एफओबी दोन्ही मूल्ये देत असेल, तर त्या कोडचे प्रत्यक्ष गुणोत्तर काढून तेच वापरा.

दुसरी पायरी: कोणता देश 'भागीदार' म्हणून लिहिला

सर्वांत मोठे फरक इथे निघतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

शिफारस अशी आहे की आयात मूळ देशाच्या नावावर लिहावी, आणि निर्यात शेवटच्या ज्ञात गंतव्य देशाच्या नावावर. आता चीनमध्ये तयार झालेला माल हाँगकाँगला गेला, तिथल्या व्यापाऱ्याने विकत घेऊन तो अमेरिकेला पाठवला, असे समजा. माल निघताना अंतिम ठिकाण माहीत नसेल, तर चीन ही हाँगकाँगला झालेली निर्यात म्हणून नोंदतो. अमेरिका मात्र मूळ देश पाहून ती चीनकडून झालेली आयात म्हणून नोंदते. हाँगकाँग ती पुनर्निर्यात म्हणून दाखवतो, आणि त्यात तिथल्या व्यापाऱ्याचा नफाही मिळवलेला असतो. परिणामी अमेरिकेचा चीनकडून आयातीचा आकडा चीनच्या अमेरिकेला झालेल्या निर्यातीच्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षे बराच मोठा राहिला. दोन्ही सरकारांच्या सांख्यिकी तज्ज्ञांनी एकत्र बसून यावर २००९ आणि २०१२ मध्ये संयुक्त अहवाल काढले आहेत. असा फरक कसा फोडतात हे शिकायचे असेल, तर ते जरूर वाचावेत.

युरोपात हेच रॉटरडॅमच्या नावाने ओळखले जाते. आशियातून आलेला कंटेनर रॉटरडॅमला उतरतो, तिथे कस्टम्समधून सुटतो आणि ट्रकने जर्मनीला जातो. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबात तो आधी नेदरलँड्सची आयात आणि मग नेदरलँड्सकडून जर्मनीला झालेली निर्यात ठरतो. माल कोणत्याही डच कंपनीच्या मालकीचा नसेल, तर नेदरलँड्सची स्वतःची राष्ट्रीय आकडेवारी तो वगळू शकते. म्हणून युरोपीय देशाचा आकडा घेताना तो युरोस्टॅटचा आहे की राष्ट्रीय खात्याचा, हे कधीही न लिहिता सोडू नका. युरोपीय संघांतर्गत आयात मूळ देशावर नाही, तर पाठवणीच्या देशावर नोंदली जाते, हेही ध्यानात ठेवा. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर २०२१ पासून त्याच्याकडून होणारी आयात संघाचे देश मूळ देशानुसार नोंदू लागले. त्यामुळे २०२० आणि २०२१ मधल्या घटीतला काही भाग व्यापारातला नसून मोजण्याच्या रीतीतला आहे.

तिसरा प्रकार त्याहून फसवा असतो. झांबियाने तांब्याच्या निर्यातीचा मोठा भाग वर्षानुवर्षे स्वित्झर्लंडच्या नावावर नोंदवला. ते तांबे स्वित्झर्लंडला पोहोचत नव्हते. ते विकत घेणाऱ्या व्यापारी कंपन्या तिथल्या होत्या. स्वित्झर्लंडच्या कस्टम्सने माल पाहिलाच नाही, तर तो त्यांच्या आयातीत कुठून येणार? खरेदीदाराचा पत्ता आणि मालाचे गंतव्य यांत झालेली ही गल्लत आहे. तेल, धातू, धान्य अशा मालात ती वारंवार भेटते.

तपासायचे कसे: आयातदार देश 'मूळ देश' आणि 'पाठवणीचा देश' असे दोन्ही स्तंभ देत असेल, तर आधी ते उतरवा. मग मधल्या देशाची पुनर्निर्यात मूळ देशानुसार मिळते का ते पाहा. हाँगकाँग अशी माहिती तपशिलाने देतो.

तिसरी पायरी: काय मोजले, काय वगळले

सर्वसाधारण पद्धतीत माल देशाच्या भूमीत आला की आयात धरली जाते, मग तो बाँडेड (शुल्क न भरता माल ठेवायच्या) गोदामात किंवा मुक्त क्षेत्रात पडून असला तरी. विशेष पद्धतीत तो कस्टम्समधून सुटून देशांतर्गत वापरासाठी आला की मगच. मुक्त क्षेत्रांतून मोठा व्यापार चालणाऱ्या देशात या एका फरकाने आकडा कुठल्या कुठे जातो.

खालच्या मर्यादेचाही परिणाम होतो. अमेरिकेत एका मालाची २,५०० डॉलरपर्यंतची निर्यात साधारणपणे तपशिलाने नोंदली जात नाही, तिचा अंदाज बांधला जातो. युरोपीय संघात इंट्रास्टॅटची (संघांतर्गत व्यापाराची नोंद घेणाऱ्या व्यवस्थेची) मर्यादा न ओलांडणाऱ्या कंपन्यांना माहिती भरावी लागत नाही, आणि ही मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी असते. ऑनलाइन खरेदीची छोटी पार्सले, जहाजांना आणि विमानांना पुरवलेले इंधन, दुरुस्तीसाठी गेलेली इंजिने, भाडेपट्ट्यावरची विमाने, लष्करी माल: या प्रत्येकाबद्दल दोन्ही देशांचे टिपण पाहावे लागते. सोन्याचे तर वेगळेच आहे. मध्यवर्ती बँकांचे मौद्रिक सोने मालव्यापारात धरतच नाहीत, इतर सोने धरतात. सोन्याच्या कोडने एकूण व्यापाराचा कल बिघडत असेल, तर ७१०८ वगळून दुसरा आकडा काढा आणि दोन्ही दाखवा.

गुप्ततेमुळेही माल 'हरवतो'. एखाद्या कोडमध्ये एक-दोनच कंपन्या असतील, तर देश तो कोड किंवा भागीदार देश झाकतो आणि रक्कम ९९ व्या प्रकरणात (कोडचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण) किंवा 'इतरत्र न नोंदलेले' या सदरात टाकतो. म्हणून सहा अंकी कोडांची बेरीज दोन अंकी प्रकरणाशी जुळत नाही. बेरीज नेहमी वरच्या पातळीवरूनच घ्या.

चौथी पायरी: कोड आणि त्याची आवृत्ती

जागतिक सीमाशुल्क संघटनेचे एचएस वर्गीकरण १९८८ पासून लागू आहे आणि ते साधारण पाच-सहा वर्षांनी बदलते: १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२. सहा अंकांपर्यंत ते सगळीकडे सारखे असते. त्यापुढचे अंक प्रत्येक देशाचे आपापले. त्यामुळे दोन देशांचे आठ किंवा दहा अंकी कोड एकमेकांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे.

आवृत्ती बदलली की मालिका तुटते. २०२२ च्या आवृत्तीत स्मार्टफोनसाठी ८५१७.१३ हा स्वतंत्र कोड आला. त्याआधी मोबाइल फोन ८५१७.१२ मध्ये होते. जुन्या कोडची मालिका घेतली, तर फोनचा व्यापार एका रात्रीत संपल्यासारखा दिसेल. सगळे देश नवी आवृत्ती एकाच वर्षी स्वीकारत नाहीत, त्यामुळे मधल्या वर्षांत एक देश जुन्या आणि दुसरा नव्या कोडवर असतो. अशा वेळी चार अंकी पातळीवर तुलना करा. तिथे फरक मिटला आणि सहा अंकांवर परत आला, तर कारण वर्गीकरण हेच.

वजन पाहण्याची युक्ती

पुढे जाण्याआधी मूल्य बाजूला ठेवून निव्वळ वजनाची तुलना करा. नूर, विमा, विनिमय दर आणि दलालाचा नफा किलोत मिसळत नाहीत. दोन्ही बाजूंचे किलो जुळले आणि मूल्य जुळले नाही, तर फरक किमतीचा आहे. किलोच जुळले नाहीत, तर मार्ग, काळ किंवा व्याप्ती तपासा. इतका वेळ वाचवणारी दुसरी तपासणी नाही. फक्त एक काळजी घ्या: कॉमट्रेडमधले बरेच वजन प्रत्यक्ष नोंदलेले नसून अंदाजाने भरलेले असते, आणि तसे सांगणारा वेगळा स्तंभ असतो. अंदाजित वजन या तपासणीतून काढून टाका.

एक हिशेब उदाहरणादाखल

काल्पनिक आकडे घेऊ. 'क' देश म्हणतो, आम्ही 'ख' ला ८० कोटी डॉलरचा माल पाठवला. 'ख' म्हणतो, आमच्याकडे 'क' मूळचा १०६ कोटींचा माल आला. फरक २६ कोटी.

'ख' चा आकडा सीआयएफ आहे आणि त्याच्याच माहितीनुसार गुणोत्तर १.०६ निघते. १०६ भागिले १.०६ म्हणजे १०० कोटी. नूर-विम्याचे ६ गेले, २० उरले.

'ख' च्या पाठवणीच्या देशाच्या स्तंभात दिसते की या १०० पैकी १५ कोटींचा माल 'ग' मार्गे आला. 'ग' च्या पुनर्निर्यातीतही 'क' मूळचा, 'ख' ला गेलेला माल १५ कोटींचाच आहे. 'क' ने तो 'ग' ला झालेली निर्यात म्हणून १२ कोटींना नोंदवला होता. म्हणजे १२ कोटी मार्गाचे आणि ३ कोटी 'ग' च्या व्यापाऱ्याच्या वाढीव किमतीचे. २० मधून १५ गेले, ५ उरले.

समुद्रप्रवास महिनाभराचा आहे. म्हणून 'क' च्या जानेवारी ते डिसेंबरच्या निर्यातीसमोर 'ख' ची फेब्रुवारी ते पुढचा जानेवारी अशी थेट आयात ठेवली. ती ८५ ऐवजी ८३ कोटी निघाली, कारण आदल्या डिसेंबरात लादलेला बराच माल 'ख' कडे या जानेवारीत उतरला होता. आणखी २ गेले.

उरले ३ कोटी, म्हणजे 'क' च्या आकड्याच्या पावणेचार टक्के. अंदाजाने भरलेली छोटी पार्सले आणि विनिमय दर यांत एवढे सहज मावते. २६ कोटींच्या 'घोटाळ्या'ची बातमी इथे संपते.

व्यवहारतोल हा वेगळा प्रश्न आहे

मध्यवर्ती बँकेचा किंवा राष्ट्रीय लेख्यांचा मालव्यापाराचा आकडा कस्टम्सच्या आकड्याशी जुळवायला बसू नका. तो जुळू नये अशीच त्याची व्याख्या आहे. नाणेनिधीच्या व्यवहारतोल पुस्तिकेची २००९ ची सहावी आवृत्ती मालकी बदलली का एवढेच पाहते. प्रक्रियेसाठी परदेशी पाठवून परत आणलेला माल कस्टम्सच्या आकड्यात दोन्ही वेळा दिसतो. व्यवहारतोलात फक्त प्रक्रियेची मजुरी, तीही सेवा म्हणून. उलट, एका देशात माल घेऊन आपल्या सीमेवर न आणता तिसऱ्या देशात विकला, तर कस्टम्सला तो दिसत नाही, पण व्यवहारतोलात त्याची निव्वळ रक्कम मालाच्या निर्यातीत येते. आयर्लंडमध्ये दोन्ही आकड्यांत फार मोठी तफावत असते, कारण तिथल्या बहुराष्ट्रीय कंपन्या इतर देशांत कंत्राटाने उत्पादन करून घेतात आणि तो माल आयर्लंडला न येताच विकला जातो.

आयातही व्यवहारतोलात एफओबी धरली जाते. नूर आणि विमा परदेशी कंपन्यांना दिला असेल, तर तो सेवांच्या आयातीत जातो. चांगली सांख्यिकी खाती कस्टम्सच्या आकड्यापासून व्यवहारतोलाच्या आकड्यापर्यंतचा ताळमेळ दाखवणारा तक्ता छापतात. तो आधी शोधा, मिळाला तर तुमचे बरेचसे काम झालेले असते.

कॉमट्रेडमधून उतरवताना होणाऱ्या चुका

निर्यातीच्या आकड्यात पुनर्निर्यात आधीच धरलेली असते. ती वेगळी उतरवून पुन्हा मिळवली, तर दुहेरी मोजणी होते. दुसरा भागीदार, वाहतुकीचा प्रकार आणि कस्टम्स प्रक्रिया या तिन्ही स्तंभांत 'एकूण'ची ओळच निवडा, म्हणजे अनुक्रमे ०, ० आणि सी००. नाहीतर तपशील आणि बेरीज एकत्र जमा होतात. अमेरिकेच्या आकड्यात प्वेर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटे येतात, फ्रान्समध्ये मोनॅको, स्वित्झर्लंडमध्ये लिक्टेनस्टाइन. तैवान स्वतंत्र भागीदार म्हणून सापडणार नाही. त्याचा व्यापार प्रामुख्याने ४९० क्रमांकाच्या 'इतर आशिया' या सदरात असतो. ८९९ हे 'इतरत्र न नोंदलेले प्रदेश' सदर मोठे असेल, तर देशनिहाय बेरजेवर फार भिस्त ठेवू नका.

नाणेनिधीच्या देशनिहाय आकडेवारीत आकडे न कळवणाऱ्या देशांचा व्यापार भागीदाराच्या नोंदीवरून अंदाजाने भरलेला असतो. फ्रान्सच्या सेपी या संशोधन संस्थेची 'बाची' ही आकडेमालिका आणि ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची संतुलित मालिका दोन्ही बाजूंचे आकडे मिळवून एकच आकडा देतात. संशोधनातल्या गणितासाठी त्या उत्तम आहेत, पण 'अमुक सरकारने इतकी निर्यात जाहीर केली' असे सांगण्यासाठी त्या वापरू नयेत. दुसऱ्या बाजूला, अमेरिका कॅनडाला झालेली आपली निर्यात १९९० पासून कॅनडाच्या आयात नोंदींवरूनच मोजते आणि कॅनडाही उलट तसेच करतो. तिथे आरशातली तुलना (एका देशाची निर्यात दुसऱ्याच्या आयातीशी ताडणे) करून विश्वासार्हता तपासण्यात काही अर्थ नाही, कारण मूळ नोंद एकच आहे.

उरलेल्या फरकाचे काय

कमी किंवा जास्त किमतीची बिले दाखवून पैसा हलवणे हा खरा प्रकार आहे आणि आरशातली आकडेवारी त्याचा माग काढायला मदत करते. पण नुसत्या फरकाला 'बेकायदा पैसा' म्हणणे अन्यायाचे आहे. २०१६ मध्ये अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकासविषयक संस्थेच्या एका अहवालाने दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याबद्दल असा निष्कर्ष काढला तेव्हा जोरदार आक्षेप आले. त्या देशाच्या सोन्याच्या निर्यातीचा मोठा भाग देशनिहाय विभागलेला नव्हता. भागीदार देशांनी आयात नोंदवली होती, पण दुसऱ्या बाजूला ताडायला देशवार नोंदच नव्हती. त्याच वर्षी अहवाल सुधारून पुन्हा काढावा लागला.

बिलांवर संशय घ्यायचा असेल, तर निदान एवढे जमले पाहिजे: फरक सहा अंकी कोडवर टिकतो, किलो जुळतात पण किलोमागची किंमत जुळत नाही, मधला पुनर्निर्यात करणारा देश नाही, आणि हे सलग तीन-चार वर्षे एकाच दिशेने घडते. ज्या मालावर आयात शुल्क जास्त आहे तिथे आयातीची किंमत कमी दिसत असेल, तर संशय आणखी पक्का होतो.

आकडे प्रसिद्ध करताना स्रोत, मूल्यांकन, भागीदाराची कसोटी आणि उतरवल्याची तारीख तक्त्याखालीच लिहा, आणि मूळ फाइल न बदलता जपून ठेवा. ताजे महिने पुढे अनेकदा सुधारले जातात, अमेरिकेची वार्षिक दुरुस्ती साधारण जूनमध्ये येते, आणि सहा महिन्यांनी कोणी विचारले, तर तुमचा आकडा कोणत्या आवृत्तीतला होता हे त्या फाइलवरूनच दाखवता येते.